तश्बीह, उपमा आणि सिमिली

उर्दू माध्यमाच्या शाळेतील दहावीच्या कोणत्याही मुलाला सिमिली म्हणजे काय ते विचारा. तो लगेच सांगेल, ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ आले की सिमिली, नाही आले की मेटाफर. गाइडमध्ये असेच छापलेले असते आणि कवितेखालच्या ‘अलंकार ओळखा’ या प्रश्नात ते बहुधा खपूनही जाते. याच मुलापुढे ‘आय लाइक मँगोज’ हे वाक्य ठेवले तर तो गोंधळतो. ‘शी सिंग्ज ॲज वेल ॲज हर सिस्टर’ यात तर तुलनाही आहे आणि ‘ॲज’ही दोनदा आहे. तरी ती सिमिली नाही, कारण गाणाऱ्या दोन बहिणी एकाच जातीच्या. एका वस्तूत दुसरीच वस्तू दिसण्याचा प्रकार तिथे घडत नाही.

गंमत अशी की हे त्या मुलाला दुसऱ्या तासाला ठाऊक असते. उर्दूत तो तश्बीहचे अरकान शिकतो : मुशब्बह, मुशब्बह बिही, वजहे शबह, हर्फे तश्बीह. मराठीच्या तासाला हेच उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द होऊन येते. म्हणजे ‘लाइक’ हा चारांतला एक भाग, आणि तोही वगळता येणारा. इंग्रजीच्या तासाला मात्र बाकीचे तीन भाग गळतात आणि हा एकच उरतो. इंग्रजी समीक्षेत यांतल्या पहिल्या दोघांना टेनर आणि व्हेइकल ही नावे आय. ए. रिचर्ड्स यांनी 1936च्या ‘द फिलॉसॉफी ऑफ रेटरिक’मध्ये दिली. अब्दुल काहिर जुरजानी (मृत्यू 1078) यांनी ‘असरारुल बलागा’त तश्बीह आणि इस्तिआरा यांची बारीक फोड त्याच्या कितीतरी आधी केली होती. हे छाती फुगवण्यासाठी सांगत नाही. आपल्याकडे सारे होतेच, असे म्हणून इंग्रजी कोणाला येत नाही. मुद्दा एवढाच की आपला मुलगा इंग्रजीच्या वर्गात रिकाम्या हाताने येत नाही. आपणच त्याला दप्तर बाहेर ठेवून यायला सांगतो.

अर्थात नुसती जोडी लावून भागत नाही. तश्बीह बरोबर उपमा बरोबर सिमिली, असा तीन रकान्यांचा तक्ता मुले एका दिवसात पाठ करतात, पण तक्ता पुढे गेला की फसवतो. मेटोनिमी म्हणजे किनाया, असे आपल्यापैकी अनेकजण सांगतात. ‘दोन कप पिऊन आलो’ हे वाक्य पाहा. कप पिता येत नाही, चहा प्यायला जातो. भांडे बोलून आतली वस्तू सुचवली, म्हणून उर्दूत हा मजाजे मुरसल. इंग्रजीत ही मेटोनिमी. उलट ‘त्यांच्या घरी दोन दिवस चूल पेटली नाही’ हा किनाया. इथे चूल खरोखरच पेटलेली नसेल, शब्दशः अर्थही खरा राहतो आणि त्याच्या आडून उपासमार कळते. हा फरक मुलांना दाखवला की त्यांचे डोळे चमकतात, कारण असे बोलणे त्यांच्या घरी रोजचे असते. आपल्या आया-आज्या किनायाशिवाय टोमणा मारत नाहीत! मराठीत मात्र कपाचे वाक्य अलंकारांच्या धड्यात शोधून सापडणार नाही. ते शब्दशक्तीत, लक्षणेखाली आहे. धडा वेगळा, म्हणून मुलाला वाटते की मेटोनिमी ही फक्त इंग्रजांची चीज.

पन आणि ईहाम यांचेही तसेच. ईहामात शब्दाचे दोन अर्थ असतात, एक जवळचा आणि एक दूरचा, आणि शायराला दूरचा हवा असतो. पनमध्ये किंवा श्लेषात दोन्ही अर्थ एकदम नांदतात. ॲलिटरेशनबाबत आपल्या मुलांची बाजू भक्कम आहे, पण ती कोणी वापरत नाही. ‘नाइफ’चे स्पेलिंग ‘के’ने सुरू होते म्हणून मुले ते ‘किंग’शी जुळवतात. उर्दू लिहिणाऱ्या मुलाला से, सीन आणि स्वाद ही तीन अक्षरे आणि त्यांचा बोलण्यातला एकच आवाज पहिलीपासून माहीत असतो. अक्षर वेगळे, आवाज वेगळा, हे त्याला नव्याने पटवावे लागू नये.

परकी नावे जड जातात यात कमीपणाही नाही. इंग्रजांनाही ग्रीक-लॅटिन नावे पचत नव्हती. जॉर्ज पटनम याच्या नावावर असलेल्या 1589च्या ‘द आर्ट ऑफ इंग्लिश पोएझी’त हायपरबोलीला ‘मोठ्याने खोटे बोलणारा’ आणि आयरनीला ‘कोरडी थट्टा’ अशा अर्थाची देशी नावे दिली आहेत. ती टिकली नाहीत, पण त्याने अलंकार करतो काय हे आधी पाहिले आणि मग नाव ठेवले. आपले गाइड नाव देते आणि थांबते.

म्हणून वर्गात मी हुस्ने तालील मुद्दाम घेतो. एखाद्या गोष्टीचे खरे कारण सोडून शायर सुंदर पण कल्पित कारण देतो, ती ही सनअत. मराठीतील उत्प्रेक्षा तिच्या जवळपास जाते. इंग्रजीत तिला रूढ असे एका शब्दाचे नाव नाही. मग मुलांना पूर्ण वाक्यात, इंग्रजीत, सांगावे लागते : पाऊस का पडला, कवी काय म्हणतो, आणि ते खरे नसूनही आपल्याला का पटते. पहिल्या आठवड्यात वाक्ये मोडकी येतात. लाइक आणि ॲजही त्यांत येतात, यावेळी आपापल्या जागी.