चक्रवाढ व्याज आणि नातवंडांचे भविष्य : केन्स यांच्या एका निबंधाचे पुनर्वाचन

जॉन मेनार्ड केन्स यांचा ‘आपल्या नातवंडांच्या आर्थिक शक्यता’ हा निबंध १९३० मध्ये, जागतिक महामंदीच्या प्रारंभकाळी प्रसिद्ध झाला. सर्वत्र निराशा पसरत असताना लिहिलेल्या या छोटेखानी निबंधातील आशावाद आजही वाचकाला चकित करतो. शंभर वर्षांत प्रगतिशील देशांतील राहणीमान चार ते आठ पटींनी उंचावेल, आठवड्याला पंधरा तासांचे काम पुरेसे होईल आणि द्रव्यलोभाकडे समाज एक विकृती म्हणून पाहू लागेल, असे भाकीत त्यांनी केले. यंत्रांमुळे येणारी बेकारी त्यांच्या मते संक्रमणकाळातील तात्पुरते दुखणे होते.

या भाकिताची मुदत २०३० मध्ये संपेल. उत्पन्नवाढीचा अंदाज ब्रिटनसारख्या देशांपुरता स्थूलमानाने खरा ठरला आहे. पंधरा तासांचा आठवडा मात्र कोठेही रूढ झालेला नाही. मानवी हाव अमर्याद असते, असे याचे कारण सामान्यतः सांगितले जाते. परंतु इतरांहून वरचढ ठरण्याच्या इच्छेला अंत नसतो, हे केन्स यांनी स्वतःच मान्य केले होते. त्यामुळे विसंगतीचे मूळ अन्यत्र, त्यांच्या चक्रवाढ व्याजाच्या दृष्टांतात, शोधणे आवश्यक वाटते.

तो दृष्टांत असा : १५८० मध्ये ड्रेकने स्पेनकडून लुटून आणलेल्या संपत्तीतून राणी एलिझाबेथने सुमारे ४० हजार पौंड लेव्हंट कंपनीत गुंतवले. त्या कंपनीच्या नफ्यातून ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली. ही रक्कम सव्वातीन टक्के चक्रवाढ दराने वाढत गेली असे धरल्यास १९३० पर्यंत चार अब्ज पौंड होते, आणि ब्रिटनची परदेशी गुंतवणूक साधारण तेवढीच होती.

येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. ड्रेकच्या कृत्याला चोरी म्हणण्यास केन्स कचरत नाहीत. त्यानंतरची साडेतीनशे वर्षे मात्र त्यांच्या लेखणीतून केवळ गणित होऊन उतरतात. व्याज वाढते, ते कोण भरतो, हा प्रश्न उद्भवतच नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेल्या दादाभाई नौरोजींनी १९०१ च्या आपल्या ग्रंथात दुसऱ्या बाजूचा हिशेब मांडला होता. हिंदुस्थानातून दरवर्षी परतफेडीविना बाहेर जाणाऱ्या संपत्तीचा तो हिशेब होता. केन्स यांना हा व्यवहार अपरिचित नव्हता. १९०६ ते १९०८ या काळात ते लंडनच्या इंडिया ऑफिसात नोकरीस होते आणि १९१३ मध्ये त्यांनी हिंदी चलनव्यवस्थेवर ग्रंथही लिहिला होता. तरीही भविष्याच्या या चित्रात देणेकऱ्याला स्थान मिळाले नाही.

ही त्रुटी केवळ ऐतिहासिक नाही. सुखाच्या मुक्कामाकडे जाण्याची गती केन्स चार गोष्टींवर अवलंबून ठेवतात : लोकसंख्येचे नियंत्रण, युद्धे व अंतर्गत कलह टाळणे, विज्ञानाच्या क्षेत्रातील बाबी विज्ञानावर सोपवणे आणि भांडवलसंचयाचा दर. या यादीत वाटपाचा उल्लेख नाही. यंत्राने वाचवलेला तास आपोआप कामगाराच्या पदरी पडेल, असे ते गृहीत धरतात. वस्तुतः तो तास यंत्राच्या मालकाकडे नफा म्हणून, कामगाराकडे विश्रांती म्हणून किंवा कामावरून काढलेल्या माणसाकडे बेकारी म्हणून जाऊ शकतो. यांपैकी काय घडेल, हे तंत्रज्ञान ठरवत नाही. मालकी, कायदा आणि संघटित शक्ती ठरवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या आजच्या आशादायी भाकितांनाही हाच आक्षेप लागू पडतो.

असे असले तरी या निबंधाचे महत्त्व कमी होत नाही. पैसा हे साधन आहे, साध्य नव्हे, हा विचार एका अर्थशास्त्रज्ञाने मंदीच्या काळात निर्भयपणे मांडला. त्यांनी नातवंडांचा विचार केला, हे त्यांचे मोठेपण. कोणाची नातवंडे, हे विचारले नाही, ही त्यांची मर्यादा होय.