दुमडलेले नाव

मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. कादंबऱ्या लिहिल्या म्हणून वैद्यकावर बोलण्याचा अधिकार येत नाही, हे मी जाणतो. परंतु छापणे आणि न छापणे यांतले राजकारण मला ठाऊक आहे. माझे एक हस्तलिखित ‘काळजीपूर्वक वाचून’ परत आले, तेव्हा आतल्या दोऱ्याच्या गाठी मी मारलेल्याच होत्या.

वैद्यकाच्या नियतकालिकांत असे होत नसावे, तेथे केवळ पुरावा बोलतो, हा आपला भाबडा समज. हाफकिन यांचे प्रकरण आठवावे. १८९७ साली मुंबईत प्लेगची लस काढून त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचली. पुढे १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता. तरी चौकशी मंडळाने बोट मुंबईच्या प्रयोगशाळेकडे दाखविले. हाफकिन परके, यहुदी. शिवाय प्राणिशास्त्रज्ञ, डॉक्टर नव्हेत! रोनाल्ड रॉस आदींनी १९०७ साली लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये लिहिले, तेव्हा कोठे कलंक धुतला गेला. पुरावा आधीपासून होता. त्याला वजनदार सह्या मिळेपर्यंत पाच वर्षे गेली.

दुसरे उदाहरण आमच्या घरचे. जालना जिल्ह्यातील देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात महाडकडे विंचूदंशाचे रोगी तपासले. लाल विंचवाच्या विषाने हृदय खचते, फुफ्फुसांत पाणी भरते. त्यावर रक्तदाबाचे प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते, असे त्यांनी मांडले. ‘लॅन्सेट’ने त्यांचे लेखन १९८२ आणि १९८६ साली छापले. यावरून आमचे लोक म्हणतात, पाहा, तेथे न्याय आहे. मला हे पटत नाही. एकाला दार उघडले म्हणून बाहेर राहिलेल्यांचा हिशेब मिटत नाही. आणि लंडनचा शिक्का पाहूनच आपण मान डोलावणार असू, तर पक्षपात एकट्या संपादकाचा कसा? तो तुमचा-माझाही आहे. रोगी महाडचे, औषध तेथेच दिलेले. खरेखोटे मात्र सातासमुद्रापलीकडे ठरावे लागते.

लेखकाचे नाव झाकून लेख तपासावा, असा उपाय सुचवितात. तो चांगलाच आहे. मीही वार्षिक परीक्षेत उत्तरपत्रिकेवरचे नाव दुमडून गुण देतो. पण खरे सांगू? अक्षर ओळखू येतेच. म्हणून गुण देऊन झाल्यावर मी नाव उघडतो, आणि लाडक्या पोराचा पेपर पुन्हा एकदा तपासतो.