अभियांत्रिकी पदव्युत्तर प्रबंधाची पूर्वतयारी : एक चिकित्सा
(जिंतूर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रबंधाविषयी महाविद्यालयांतून जे मार्गदर्शन केले जाते, त्यात प्रबंधाच्या बाह्यरूपाला मोठे स्थान असते. प्रकरणांची संख्या, समासाची रुंदी, मुखपृष्ठाचा रंग, संदर्भ देण्याची पद्धती यांविषयीच्या सूचना सविस्तर असतात. प्रश्न कसा शोधावा याविषयी मात्र एखाद-दुसरे वाक्य आढळते. परिणामी विद्यार्थी ज्याला 'आराखडा' म्हणतो ती बहुधा अनुक्रमणिकाच असते. जिंतूर तालुक्यातून नांदेड, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगर येथे एम. टेक.साठी जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही हीच अनुक्रमणिका हाती मिळते. प्रस्तुत लेखात या प्रचलित पूर्वतयारीची चिकित्सा केली असून, उदाहरणादाखल त्याच्या घराजवळचा येलदरी जलाशय घेतला आहे.

विषय आणि प्रश्न :
येलदरी धरण पूर्णा नदीवर असून ते १९६८ साली पूर्ण झाले. जलाशयाचा उपयुक्त साठा सुमारे ८०९ दशलक्ष घनमीटर, तर पायथ्याच्या जलविद्युत केंद्राची क्षमता २२.५ मेगावॅट आहे. पाच दशकांहून अधिक काळ पाणी अडवणाऱ्या या जलाशयात गाळ साचला असणार, हे सांगण्यास संशोधकाची गरज नाही. तरीही 'येलदरी जलाशयातील गाळाचा अभ्यास' हे शीर्षक सहज मंजूर होऊ शकते. हा विषय आहे, प्रश्न नव्हे. कोणत्या दोन पातळ्यांदरम्यानची साठवणक्षमता, कोणत्या वर्षाच्या तुलनेत, किती घटली आणि त्या उत्तरात किती चूक संभवते, असे विचारले की त्याचा प्रश्न होतो. शीर्षकातून हा भेद दिसत नाही. तो पुढे कामात जाणवतो.

उपग्रहचित्रांवरून गाळाचा अंदाज घेण्याची पद्धत पाहावी. वेगवेगळ्या पाणीपातळ्यांना जलाशयाचे फैलावक्षेत्र मोजले जाते, लगतच्या दोन क्षेत्रांवरून व त्यांमधील उंचीवरून त्या थराचे घनफळ काढले जाते आणि ते मूळ क्षमतेशी ताडले जाते. पद्धत स्वस्त आहे. चित्रेही विनामूल्य मिळतात. परंतु पाणी ज्या पातळीच्या खाली गेलेच नाही, तेथील गाळ या पद्धतीस दिसत नाही. तेथे मूळ क्षमताच कायम धरावी लागते. म्हणून २०१५-१६ सारखे दुष्काळी वर्ष, जे शेतकऱ्यास नकोसे असते, ते या संशोधकास सर्वांत उपयोगी ठरते. भरलेल्या जलाशयाच्या चित्रांना पावसाळी ढगांचा अडथळा असतो तो वेगळाच. चुकीचे गणितही आधीच करता येते. काठाची लांबी १०० किलोमीटर धरली, चित्रातील एक चौकट ३० मीटरची असली आणि काठावरील सर्व चौकटी निम्म्याने एकाच बाजूला चुकल्या, तर क्षेत्रफळात १.५ चौरस किलोमीटरचा फरक पडतो. दोन मीटर जाडीच्या थरात तो ३० लाख घनमीटर होतो. अपेक्षित घट याहून कमी असेल तर ३० मीटरच्या चित्रांवर विसंबून प्रबंध उभा राहू शकत नाही. १० मीटरच्या चित्रांकडे वळावे लागते किंवा प्रश्नच बदलावा लागतो. एका दुपारचे हे गणित ज्या आराखड्यात नाही, त्यास आराखडा म्हणणे कठीण आहे.

उम्बेर्तो एको यांनी १९७७ साली इटालियन भाषेत प्रबंधलेखनावर लिहिलेल्या पुस्तकात विद्यार्थ्याच्या आवाक्यातील साधनांवर भर दिला आहे. ते पुस्तक मानव्यविद्येच्या विद्यार्थ्यांसाठी असले तरी हा मुद्दा अभियांत्रिकीस अधिक कठोरपणे लागू पडतो. ग्रंथ दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येतो. न घेतलेली पातळीची नोंद कोठूनही मागवता येत नाही.

पूर्वसंशोधनाच्या आढाव्याबाबत एक गोष्ट जाता जाता नोंदवावी. पूर्णा नावाची दुसरी नदी अमरावती, अकोला भागातून वाहत तापीस मिळते. येलदरीची पूर्णा गोदावरीची उपनदी आहे. केवळ नावावरून संदर्भ गोळा केल्यास एका खोऱ्याचे निष्कर्ष दुसऱ्याच्या प्रकरणात येऊन बसतात. आढावा म्हणजे लेखकांच्या नावांची व सालांची माळ, अशी समजूत असली की या चुका कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

वेळापत्रक आणि पावसाळा :
पूर्वतयारीतील सर्वांत मोठा दोष मात्र वेळापत्रकात आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श पदव्युत्तर अभ्यासक्रमात एकूण ६८ श्रेयांकांपैकी प्रबंधाच्या पहिल्या टप्प्यास १० व दुसऱ्यास १६ श्रेयांक आहेत. हे टप्पे तिसऱ्या व चौथ्या सत्रात येतात. तिसरे सत्र पावसाळ्यात सुरू होते. विषयनिवड, मार्गदर्शकाची संमती, समितीपुढील सादरीकरण यांत सप्टेंबर उजाडतो. तोवर नाल्यांचा पूर वाहून गेलेला असतो, शेतांची धूप होऊन गेलेली असते. चौथे सत्र हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यात संपते. पुढचा पाऊस येतो तेव्हा प्रबंध बांधणीस गेलेला असतो. अपधाव, धूप, पुनर्भरण या विषयांवर काम करणाऱ्यास दोन वर्षांत खऱ्या अर्थाने एकच पावसाळा उपयोगी पडतो आणि तो मंजुरीच्या प्रतीक्षेत जातो. उरतो तो जुन्या नोंदींचा आधार, किंवा संगणकावरील प्रतिमानाला मोजमापाविना दिलेली आकडेवारी.

स्थापत्य शाखेतील मृदाविषयक कामाचीही हीच गत आहे. जिंतूर परिसरातील काळ्या मातीच्या भेगा एप्रिल-मे महिन्यांत पाहाव्या लागतात व तिचे फुगणे पावसाळ्यात. जी माती दोन ऋतूंत दोन रूपे घेते, तिचा एकाच ऋतूतील नमुना अर्धेच सांगतो. विषयास तात्पुरती मंजुरी दुसऱ्या सत्रात, म्हणजे एप्रिलपूर्वी दिली तर भेगाही पाहता येतात आणि मृगाच्या पहिल्या पावसाआधी पर्जन्यमापकही बसवता येतो. यासाठी श्रेयांकरचना बदलण्याची गरज नाही; विभागीय समितीची एक बैठक चार महिने अलीकडे आणावी लागते. या सूचनेस एक रास्त आक्षेप आहे. दुसऱ्या सत्रात विद्यार्थ्याचे विषयज्ञान अपुरे असते. तथापि अपुऱ्या ज्ञानाने घेतलेली नोंद पुढे दुरुस्त अर्थाने वाचता येते, न घेतलेली नोंद वाचता येत नाही.

लेखन आणि भाषा :
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडाविना चालते. १० ते ४० टक्के साम्य असल्यास जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ६० टक्क्यांपर्यंत एक वर्ष तो सादर करता येत नाही आणि त्यापलीकडे नोंदणी रद्द होते. सर्वमान्य समीकरणे, चिन्हे, योग्य रीतीने दिलेली अवतरणे यांना या मोजणीतून वगळले आहे. नियम स्वच्छ आहे. त्याचा वापर मात्र उलटा होतो. शेवटच्या महिन्यात उसनी वाक्ये घेऊन त्यांतील शब्द बदलत टक्केवारी खाली आणली जाते आणि यालाच लेखन म्हटले जाते.

याचे खापर केवळ विद्यार्थ्याच्या आळसावर फोडणे अन्यायाचे होईल. बारावीपर्यंत मराठीतून विचार केलेल्या मुलास इंग्रजीत ऐंशी पाने लिहावयाची असतात. तयार वाक्याचा मोह तेथे निर्माण होतो. अशा विद्यार्थ्याने प्रश्न, पद्धत आणि प्रत्येक आलेखाचा अर्थ पहिल्या सत्रापासून एका वहीत मराठीतून लिहावा, मार्गदर्शकाने ती वही दर पंधरवड्यास पाहावी आणि मगच इंग्रजी मसुद्यास हात घालावा. 'अमुक पातळीखालचा गाळ या पद्धतीने कळत नाही' हे वाक्य ज्याने मराठीत स्वतः लिहिले आहे, त्याला ते इंग्रजीत उसने घ्यावे लागत नाही, आणि मौखिक परीक्षेत बाह्य परीक्षकाने नेमके तेच विचारले तर शेजारी बसलेल्या मार्गदर्शकाकडे पाहावेही लागत नाही.