प्रांगणातील सिम्फनी : अँथनी गोन्साल्विस यांच्या १९५८ च्या प्रयोगाचा पुनर्विचार

हिंदी चित्रपटसंगीतावरील मराठी लेखनात वाद्यवृंदाचा उल्लेख येतो तो बहुधा साथीदार म्हणून. गायक, संगीतकार आणि गीतकार यांच्यावर विपुल लिहिले गेले. परंतु ज्यांनी स्वरलिपी लिहिली आणि व्हायोलिने वाजविली त्यांची नावे श्रेयनामावलीतही क्वचितच आली. या उपेक्षेच्या पार्श्वभूमीवर १९५८ सालची एक घटना लक्षणीय ठरते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या मोकळ्या प्रांगणात अँथनी गोन्साल्विस या गोमंतकीय व्हायोलिनवादकाने स्वतः उभारलेल्या ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’चा कार्यक्रम सादर केला. एकल गायक होते लता मंगेशकर आणि मन्ना डे. आज हे नाव बहुतेकांच्या ओठावर येते ते ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील एका गाण्यामुळे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल हे गोन्साल्विस यांचे शिष्य. गुरूचे नाव गाण्यात गुंफून त्यांनी दिलेली मानवंदना हृद्य आहे. मात्र तिच्यामुळे नाव एका विनोदी पात्राचे होऊन बसले आणि त्या नावामागचे संगीत अधिकच दूर गेले, हेही तितकेच खरे.

गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ मधला, सासष्टीतील माजोर्डा गावचा. वडील तेथील चर्चच्या गायनवृंदाचे संचालक. पोर्तुगीज अमलात चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना स्वरलिपीवाचन आणि व्हायोलिन शिकविण्याची प्रथा होती. मुंबईच्या चित्रपटसृष्टीला लिहिता-वाचता येणारे वादक पुरविले ते याच शाळांनी. गोन्साल्विस १९४३ मध्ये नौशाद यांच्या वाद्यवृंदात दाखल झाले. संगीतकार चाल बांधणार आणि तिचे वाद्यवृंदासाठी लेखन अरेंजर करणार, अशी कामाची विभागणी हळूहळू रूढ झाली. ग्रेगरी बूथ यांच्या ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) या ग्रंथात या व्यवस्थेचे विस्तृत चित्रण आढळते. या व्यवस्थेत अरेंजरच्या वाट्याला प्रारंभीचे संगीत आणि दोन कडव्यांमधली जागा येई, म्हणजे फार तर अर्ध्या मिनिटाचा अवकाश. त्या अर्ध्या मिनिटात राग आणि हार्मनी यांची जी गाठ पडे, तिला पूर्ण लांबीचा आकार मिळाला तर काय होईल, हा १९५८ च्या प्रयोगामागील मूळ प्रश्न होय.

हा प्रश्न सैद्धांतिकदृष्ट्या किती बिकट आहे, हे रचनांच्या शीर्षकांवरूनच स्पष्ट होते. ‘सोनातिना इंडियाना’, ‘कन्चेर्तो इन राग सारंग’ आणि ‘कन्चेर्तो फॉर व्हायोलिन अँड ऑर्केस्ट्रा इन तोडी थाट’ या गोन्साल्विस यांच्या प्रमुख रचना. पाश्चात्त्य हार्मनी दोन कॉर्डांच्या आधारावर उभी असते : षड्जावरची (सा-ग-प) आणि पंचमावरची (प-नी-रे). पहिलीत विसावा, दुसरीत ओढ. सारंगात (येथे वृंदावनी गृहीत धरला आहे) गंधार वर्ज्य असल्यामुळे षड्जावरची कॉर्ड अपुरी राहते. केवळ सा आणि प उरतात. पंचमावरची कॉर्ड मात्र शुद्ध निषादासह पूर्ण सापडते. म्हणजे ओढ आहे, पण विसाव्याला घर नाही. तोडीत नेमके उलटे घडते. सा, कोमल गंधार आणि पंचम यांची कॉर्ड सिद्ध होते (तोडीत पंचमाचा वापर जपून करतात, हे वेगळे). पण ऋषभ कोमल असल्याने पंचमावरची कॉर्ड लंगडी पडते. येथे घर आहे, पण तेथे परतण्याची रूढ वाट नाही. सारंग आणि तोडी या दोन निवडी योगायोगाने झाल्या असतील असे वाटत नाही. एकत्र ठेवल्यास त्या समस्येच्या दोन्ही बाजू समोर आणतात.

‘तोडी थाट’ हा शब्दप्रयोगही दुर्लक्षिण्याजोगा नाही. सारंगापुढे ‘राग’ आणि तोडीपुढे ‘थाट’ असा भेद शीर्षकांतच आहे. भातखंडे यांच्या वर्गीकरणात थाट म्हणजे केवळ सात स्वरांचा साचा. त्याला चलन नसते, वादी-संवादी नसतात. व्हायोलिन कन्चेर्तोसाठी थाट स्वीकारणे म्हणजे रागाच्या बंधनातून थोडी मोकळीक मागून घेणे. शुद्धतावादी याला पळवाट म्हणतील. पण ज्याला एकाच वेळी अनेक स्वर वाजवायचे आहेत त्याने रागनियम अबाधित राखल्याचा दावा करण्यापेक्षा ही कबुली अधिक प्रामाणिक आहे. या प्रयोगाला आजच्या ‘फ्यूजन’ या सैल शब्दात बसवणे त्यामुळेच अन्यायाचे होते.

गायकांच्या निवडीकडे सहसा लोकप्रियतेचा लाभ घेण्याचा मार्ग म्हणून पाहिले जाते. ते अपुरे आहे. ख्यालगायक आपली मांडणी त्या त्या क्षणी घडवतो. लिहिलेल्या मात्रेवर प्रवेश करणे आणि लिहिलेल्या मात्रेवर थांबणे हा त्याच्या कलेचा स्वभाव नाही. पार्श्वगायकाचे मात्र रोजचे काम तेच असते. शिवाय लता मंगेशकर आणि मन्ना डे या दोघांनाही भेंडीबाजार परंपरेतील उस्ताद अमान अली खाँ यांची तालीम मिळालेली होती. रागाचे भान आणि वाद्यवृंदाची शिस्त एकाच गळ्यात असणारे कलावंत त्या काळच्या मुंबईत दुसरीकडे कोठे मिळाले असते?

आता स्थळाचा विचार. उघड्यावर ध्वनी आधाराशिवाय विरतो. अंतर दुप्पट झाले की त्याची पातळी सुमारे सहा डेसिबलने उतरते. सभागृहाच्या भिंती व्हायोलिनांना जो भरीवपणा देतात तो मैदानात मिळत नाही. म्हणूनच पुणेकर श्रोत्यांना परिचित असलेला, १९५३ पासूनचा सवाई गंधर्व महोत्सव रमणबागेच्या पटांगणात वर्षानुवर्षे ध्वनिक्षेपकाच्या बळावर बहरला. तेथे एक गायक आणि मोजके साथीदार असतात; ध्वनिक्षेपक त्यांना पुरतो. सिम्फनीत समतोल वादकांच्या संख्येने आणि बैठकीच्या रचनेने साधायचा असतो. झेवियर्सचे प्रांगण या दोहोंच्या मधले आहे : चारही बाजूंनी दगडी इमारत, वर आकाश. ध्वनी भिंतींवरून परततो आणि छताअभावी निसटतोही. तशात एकल गायकांचे गळे ध्वनिक्षेपकाच्या जवळिकीत घडलेले. वाद्यवृंद आणि गायक यांचा मेळ हा केवळ तांत्रिक प्रश्न न राहता रचनेचाच प्रश्न बनतो. पुढे १९७३ मध्ये स्थापन झालेल्या महाविद्यालयाच्या ‘इंडियन म्युझिक ग्रुप’चा ‘जनफेस्ट’ याच प्रांगणात भरू लागला. वाघोलीसारख्या पुण्याच्या वाढत्या पूर्व टोकाला महाविद्यालयांची पटांगणे याहून कितीतरी मोठी आहेत; तेथे स्नेहसंमेलनाच्या ध्वनिभिंती उभ्या राहतात, ऐकण्याची जागा म्हणून त्या पटांगणांचा विचार अभावानेच होतो.

समूहगायनाचा मुद्दा थोडक्यात. चर्चबाहेरचे बहुस्वरी समूहगायन मुंबईत रुजविण्याचा प्रयत्न त्याच दशकाच्या अखेरीस सलील चौधरी यांनी ‘बॉम्बे यूथ कॉयर’द्वारे केला. वडिलांच्या गायनवृंदाजवळ वाढलेल्या गोन्साल्विस यांना त्या परंपरेचे देणे मुळातच लाभले होते. दोघांचीही उपजीविका एकाच चित्रपट-उद्योगावर अवलंबून होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

नंतरचा इतिहास तुलनेसाठी उपयोगी पडतो. रविशंकर यांचा पहिला सतार कन्चेर्तो १९७१ मध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासह सादर झाला. सप्टेंबर २०१३ मध्ये झुबिन मेहता यांनी श्रीनगरच्या शालिमार बागेत बव्हेरियन स्टेट ऑर्केस्ट्राचा उघड्यावरचा कार्यक्रम केला आणि त्यात काश्मिरी वादकांसह अभय सोपोरी यांची रचनाही वाजली. झाकीर हुसेन यांचा ‘पेशकार’ हा तबला कन्चेर्तो २०१५ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने सादर केला. या प्रत्येकामागे एक कायमस्वरूपी, वेतन देणारा वाद्यवृंद होता. गोन्साल्विस यांच्यामागे होते ते रेकॉर्डिंगच्या पाळ्या सांभाळून येणारे सहकारी. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये स्थापन केलेल्या बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राची परंपराही त्यांच्या मेहता कुटुंबाच्या स्थलांतरानंतर अखंड राहिली नाही. तेव्हा १९५८ चा प्रयोग पुढे का गेला नाही, याचे उत्तर राग आणि हार्मनीच्या विसंगतीत शोधणाऱ्यांनी आधी वादकांच्या उपजीविकेचा हिशेब मांडायला हवा. सौंदर्यशास्त्रीय अडचणीतून गोन्साल्विस वाट काढत होते. आर्थिक अडचणीला एकट्या माणसापाशी उत्तर नव्हते.

१९६५ मध्ये ते सिराक्यूज विद्यापीठाच्या अनुदानावर अमेरिकेस गेले. परतल्यावर चित्रपटसृष्टीत न जाता माजोर्ड्यास स्थायिक झाले. मराठीतील चित्रपट-समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, ही आपल्याकडील मोजक्या नोंदींपैकी एक. १८ जानेवारी २०१२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा २००६ मध्ये स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा सवेतन वाद्यवृंद झेवियर्सच्या प्रांगणापासून अवघ्या काही किलोमीटरांवर, नरिमन पॉइंटला, नियमित सराव करीत होता.