ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळांतील पात्रविकास आणि न्याय्य स्पर्धा : 'गिल्ड वॉर्स'च्या संदर्भात एक चिकित्सा

गोषवारा

ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळांत पात्राची क्रमाक्रमाने होणारी वाढ हे मुख्य आकर्षण असते. परंतु हीच वाढ खेळाडू परस्परांसमोर उभे राहिले की स्पर्धेची समानता बिघडवते. प्रस्तुत लेखात 'गिल्ड वॉर्स' (२००५) या खेळाने या पेचाला दिलेल्या उत्तराची चिकित्सा केली असून 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' (२००४) या समकालीन खेळाशी त्याची तुलना केली आहे. पात्राचा विकास बळाच्या उंचीऐवजी पर्यायांच्या विस्तारात मोजावा, ही 'गिल्ड वॉर्स'ची भूमिका मूलतः योग्य आहे. मात्र पर्याय हेही एक प्रकारचे बळच असते, याची जाणीव त्या खेळाच्या रचनेत उशिरा आली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : भूमिकाप्रधान खेळ, पात्रविकास, समान संधी, स्पर्धा, खेळाडूचा वेळ

१. प्रस्तावना

भूमिकाप्रधान खेळात खेळाडू एक पात्र निर्माण करतो आणि ते महिनोन्‌महिने वाढवत नेतो. शत्रूंना हरवून अनुभवगुण मिळवणे, गुण साठले की वरची पातळी गाठणे आणि उत्तरोत्तर चांगली शस्त्रे व चिलखते प्राप्त करणे, ही या वाढीची रूढ रीत आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) या टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या खेळातून ती संगणकावर आली. त्या मूळ खेळात खेळणारी मंडळी सामान्यतः एकाच बाजूला असत आणि खेळ चालवणारा त्यांच्यापुढे संकटे उभी करी. एखाद्याचे पात्र दुसऱ्याहून बलवान असले, तर त्याने कुणावर अन्याय होत नसे. उलट साऱ्या चमूचाच लाभ होई.

१९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी सुरू केलेल्या आणि रिचर्ड बार्टल यांनी पुढे नेलेल्या 'मड' या खेळाने परिस्थिती बदलली. एकाच कल्पित जगात अनेक अनोळखी खेळाडू एकत्र आले आणि ते एकमेकांवर हल्लाही करू शकत होते. सहकार्यासाठी घडवलेली पात्रवाढीची रीत येथे संघर्षाच्या मैदानात उतरली. या क्षेत्रातील पुढील अनेक वादांचे मूळ या स्थलांतरात आहे.

फ्रेंच विचारवंत रोजे कायवा यांनी १९५८ मधील आपल्या ग्रंथात खेळांची स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ अशा चार तत्त्वांत विभागणी केली. यांपैकी स्पर्धेच्या खेळात प्रतिस्पर्ध्यांमधील संधीची समानता मुद्दाम घडवून आणावी लागते, असे त्यांचे विवेचन आहे. बुद्धिबळात दोन्ही बाजूंना सोळाच मोहरी मिळतात. कुस्तीत वजनगट पाडले जातात. सोंगाच्या खेळाला मात्र अशा समानतेची गरज नसते. राजा आणि शिपाई एकाच नाटकात सुखाने नांदतात. ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळ ही दोन्ही तत्त्वे एकत्र आणतो आणि म्हणूनच त्याच्या रचनेत एक अंगभूत विसंगती राहते.

२. वेळेचे बळात रूपांतर

या विसंगतीचे पहिले मोठे दर्शन 'अल्टिमा ऑनलाइन' (१९९७) या खेळात घडले. तेथे अनुभवी खेळाडू नवख्यांना वाटेत गाठून मारत आणि लुटत. २००० मध्ये निर्मात्यांनी त्या जगाच्या दोन प्रती केल्या. एकीत खेळाडूंमधील मुक्त संघर्ष चालू राहिला, तर दुसरीत संमतीशिवाय हल्ला करणे शक्य राहिले नाही. या उपायाने नवख्यांना संरक्षण मिळाले. परंतु जे स्वखुशीने स्पर्धेला उतरतात त्यांच्यातील विषमतेचा प्रश्न तसाच राहिला.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने २००५ मध्ये सन्मानपदांची पद्धत आणली. खेळाडूंना मारून मिळालेल्या सन्मानाची दर आठवड्याला त्याच सर्व्हरवरील स्वपक्षाच्या इतर खेळाडूंशी तुलना होई आणि त्यानुसार चौदा पदांच्या शिडीवर चढउतार होई. खेळणे थांबवले की पद घसरे. वरच्या पदांना उत्कृष्ट शस्त्रे व चिलखते मिळत. परिणामी कोण अधिक चांगले लढतो यापेक्षा कोण अधिक तास लढतो, यावर ही शिडी उभी राहिली. नोकरी, शिक्षण किंवा संसार सांभाळून खेळणाऱ्याला तिच्या टोकाला पोहोचणे जवळजवळ अशक्य होते.

२००६ च्या अखेरीस ही पद्धत रद्द झाली आणि २००७ च्या प्रारंभी 'द बर्निंग क्रूसेड' या विस्तारासोबत आखाड्यातील लढती आल्या. बुद्धिबळातील एलो गुणांकनाशी मिळतीजुळती पद्धत तेथे वापरली गेली. ही सुधारणा खरी होती, कारण तुल्यबळ संघांची गाठ पडू लागली. तथापि विजेत्यांना मिळणारे बक्षीस पुन्हा बळ वाढवणारी सामग्री हेच होते. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात काही शस्त्रांसाठी ठरावीक गुणांकनाची अटही घालण्यात आली. जो जिंकतो त्याला अधिक चांगले शस्त्र मिळते आणि त्या शस्त्राने तो पुढची लढत अधिक सहज जिंकतो. शर्यतीत पहिल्या आलेल्या धावपटूला पुढच्या शर्यतीत दहा पावले पुढे उभे करण्यासारखा हा प्रकार होय.

येथे एक गोष्ट विशेष बोलकी आहे. २००८ मध्ये याच निर्मात्यांनी रोख पारितोषिकांची आखाडा-स्पर्धा भरवली, तेव्हा तिच्यासाठी स्वतंत्र सर्व्हर उभारले. तेथे प्रत्येकाला सर्वोच्च पातळीचे पात्र आणि उच्च दर्जाची सामग्री आयती उपलब्ध होती. निर्णय गंभीरपणे घ्यायचा असेल तर पात्राची कमाई बाजूला ठेवावी लागते, ही कबुलीच त्या व्यवस्थेत दडलेली दिसते.

३. 'गिल्ड वॉर्स'चे उत्तर

अरीनानेट या अमेरिकी संस्थेचा 'गिल्ड वॉर्स' एप्रिल २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला मासिक वर्गणी नव्हती आणि ही बाब केवळ व्यापारी नाही. वर्गणीवर चालणाऱ्या खेळाला खेळाडू दीर्घकाळ अडकून राहणे फायद्याचे असते. एकदाच विकल्या जाणाऱ्या खेळावर तो दबाव कमी असतो. त्यामुळे तासांपेक्षा कौशल्याला महत्त्व देण्याची भूमिका या निर्मात्यांना घेता आली.

या भूमिकेचे रचनेतील आविष्कार तीन आहेत. पहिला, पात्राची सर्वोच्च पातळी केवळ वीस ठेवली गेली. दुसरा, सामग्रीच्या गुणवत्तेला कमाल मर्यादा घातली गेली. दुर्मीळ चिलखत दिसायला भव्य असले, तरी संरक्षण साध्या पण पूर्ण दर्जाच्या चिलखताइतकेच देई. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा आविष्कार म्हणजे लढाईत वापरायच्या 'स्किल्स'चा. खेळात त्या शेकड्यांनी होत्या आणि पुढील प्रकरणांसह त्यांची संख्या हजारावर गेली. पण कोणत्याही लढाईत खेळाडूला त्यांतील फक्त आठच सोबत नेता येत. शिवाय एक मुख्य आणि एक दुय्यम असे दोन पेशे जोडण्याची मुभा होती. साहजिकच जुन्या खेळाडूचे वैशिष्ट्य त्याच्या घावाच्या जोरात नसे. कोणत्या आठ गोष्टी निवडाव्यात, याच्या जाणतेपणात ते असे.

ज्यांना केवळ स्पर्धेत रस होता त्यांना सुरुवातीपासूनच सर्वोच्च पातळीचे पात्र निर्माण करता येई. आठ विरुद्ध आठ अशा संघांच्या लढतींत पराभव झाला, तर त्याचे कारण निवडीत, समन्वयात किंवा हातचलाखीत शोधावे लागे. हरणाऱ्याला आपल्या पराभवातून काही शिकता येणे हा न्याय्य स्पर्धेचा मोठा निकष आहे आणि या निकषावर 'गिल्ड वॉर्स' आपल्या समकालीनांहून सरस ठरतो.

४. या उत्तराच्या मर्यादा

तरीही या खेळाचे मूल्यमापन केवळ गौरवाने संपत नाही. स्पर्धेसाठी तयार केलेल्या पात्राला पातळी आयती मिळे, परंतु बहुसंख्य स्किल्स आधी खुल्या कराव्या लागत आणि प्रारंभी त्यासाठी कथाभागच खेळावा लागे. ज्याच्याकडे शेकडो स्किल्स खुल्या आहेत तो प्रतिस्पर्ध्याच्या डावपेचाला साजेसा प्रतिडाव रचू शके. ज्याच्याकडे मोजक्याच आहेत त्याला एकाच डावावर भिस्त ठेवावी लागे. बळाची उंची समान असली, तरी पर्यायांचा विस्तार असमान होता. प्रकाशनानंतर काही महिन्यांत स्पर्धेतील लढतींतूनही स्किल्स खुल्या करण्याची सोय झाली. त्यामुळे वाट सुकर झाली, पण अंतर पूर्णपणे मिटले नाही.

दुसरी मर्यादा संतुलनाची. एकच स्किल राक्षसांविरुद्धच्या मोहिमेत सामान्य आणि माणसांविरुद्धच्या लढतीत अति प्रभावी ठरू शके. ती स्पर्धेसाठी सौम्य केली की कथाभाग खेळणाऱ्याचे पात्र विनाकारण दुबळे होई. २००८ मध्ये निवडक स्किल्सच्या दोन स्वतंत्र आवृत्त्या करून निर्मात्यांनी हा गुंता सोडवला. म्हणजेच एकाच नियमावलीत दोन्ही तत्त्वे नांदवण्याचा मूळ प्रयत्न त्यांनी अंशतः सोडून दिला.

'गिल्ड वॉर्स २' (२०१२) मध्ये हा धडा गिरवलेला दिसतो. तेथील नियोजित लढतींत प्रत्येक पात्र ऐंशीव्या पातळीवर आणले जाते आणि सामग्री सर्वांना समान असते. मात्र २०१५ मधील 'हार्ट ऑफ थॉर्न्स' या विस्ताराने आणलेले नवे उपपेशे तो विस्तार विकत घेणाऱ्यांपुरतेच होते. वेळेने अडवलेले दार उघडले, तर पैशाने दुसरे दार लावले गेले, असे यावर म्हणता येईल.

५. प्रतिपक्षाचा विचार

संपूर्ण समानतेच्या विरोधातही एक सबळ युक्तिवाद आहे. कुस्तीत वजनगट असतात, पण मल्लाने तालमीत कमावलेले अंग त्याच्यापासून काढून घेतले जात नाही. मग भूमिकाप्रधान खेळात पात्र हेच खेळाडूचे कमावलेले शरीर का मानू नये? 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने २०१६ मधील 'लीजन' या विस्तारात खेळाडूंमधील लढतींसाठी ठरीव आकडे लागू केले आणि स्वतःच्या सामग्रीचा प्रभाव नाममात्र ठेवला. आपली कमाई रणांगणात जाणवत नाही, अशी तक्रार अनेक खेळाडूंनी केली. २०१८ मधील पुढील विस्तारात ही व्यवस्था मागे घेण्यात आली. पात्राशी जडलेले नाते हे या खेळांचे प्राणतत्त्व आहे; ते दाराबाहेर ठेवून आत या असे सांगितल्यास खेळाडूला परकेपणा वाटणे स्वाभाविक आहे.

तथापि हा युक्तिवाद एका ठिकाणी तोकडा पडतो. तालमीत मल्ल स्वतः बदलतो. त्याचा दम, पकड आणि डोळस अनुभव त्याच्या अंगी मुरतो. पात्राचे आकडे वाढले म्हणून खेळाडू बदललेला असतोच असे नाही. ते आकडे दुसऱ्याकडून खेळवून घेता येतात आणि काही खेळांत सरळ विकतही घेता येतात. 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये पात्राचे प्रशिक्षण प्रत्यक्ष काळ लोटण्यावर अवलंबून होते. २०१६ पासून एका पात्राचे प्रशिक्षण काढून दुसऱ्याला विकता येऊ लागले, तेव्हा काळाची जागा पैशाने किती सहज घेता येते हे स्पष्ट झाले. जे हस्तांतरित करता येते त्याला साधना म्हणणे कठीण आहे.

६. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, पात्रविकास आणि न्याय्य स्पर्धा यांतील तोल हा केवळ आकडे कमीअधिक करण्याचा तांत्रिक प्रश्न नाही. माणसाने दिलेल्या वेळेचा मोबदला कोणत्या स्वरूपात द्यावा, हा त्यातील मूळ प्रश्न आहे. हा मोबदला मानाच्या, देखण्या रूपाच्या, नव्या कथेच्या आणि वाढत्या जाणतेपणाच्या रूपात दिला, तर प्रतिस्पर्ध्याचे काही हिरावले जात नाही. तो प्रत्यक्ष लढतीतील बळाच्या रूपात दिला की त्याची किंमत समोरच्या, कमी वेळ असलेल्या माणसाला चुकवावी लागते.

'गिल्ड वॉर्स'ने हा भेद ओळखून तो रचनेत उतरवला, हे त्याचे टिकाऊ महत्त्व आहे. पर्यायांवर घातलेले कुलूप हेही बळाचेच दुसरे रूप असते, हे त्याच्या अनुभवातून शिकण्यासारखे आहे. यापुढे अशा खेळांची समीक्षा करताना सर्वोच्च पातळी किती आहे, एवढेच पाहून भागणार नाही. स्पर्धेच्या दिवशी नवख्या खेळाडूच्या हाती किती निवडी असतात आणि त्या मिळवण्यासाठी त्याला किती वेळ अथवा पैसा मोजावा लागतो, हे तपासणे तितकेच आवश्यक ठरेल.