झील धरणाऱ्यांचा उन्हाळा

आजचा विषय आम्हीच मागून घेतला. या उन्हाळ्यात आम्ही समोर बसून जे गाणं ऐकलं, त्यातलं काय आवडलं आणि काहून आवडलं. यातलं 'काहून' महत्त्वाचं. 'आवडलं' एवढं म्हणून रसिकाला उठता येतं, पण जन्मभर तत्त्वज्ञान शिकवून आता पेन्शन खाणाऱ्याला तसं उठता येत नाही.

आपल्याकडे त्याला कोणी महोत्सव म्हणत नाही, पण चैत्र-वैशाखात समुद्रपूर तालुक्यात गाण्याला तोटा नसतो. १४ एप्रिलला भीमजयंती, ३० एप्रिलला तुकडोजी महाराजांची ग्रामजयंती, मग बुद्धपौर्णिमा. मधल्या रात्री कुठे भजन, कुठे कव्वाली. आम्ही चार निवृत्त माणसं, एक जुनी गाडी आणि पाण्याची एक कॅन. दिवसा तपनात बाहेर पडायची सोय नाही, म्हणून ऐकणं सगळं रात्रीचं.

पहिली रात्र भीमजयंतीची. मिरवणुकीतल्या डीजेबद्दल आम्ही बोलणार नाही. त्यात शेजारच्याचा आवाज शेजारच्याला ऐकू येत नाही, म्हणजे गाण्याचा प्रश्नच मिटला. मिरवणूक संपल्यावर वस्तीतल्या मंडपात एक तरुण गायिका बसली. ढंग कव्वालीचा, आपल्या नागपूरच्या नागोराव पाटणकरांनी भीमगीतात गाजवलेला. गाणी बरीचशी वामनदादा कर्डकांची. आवाज म्हणाल तर वरच्या पट्टीत चिरकत होता. दोन गाणी झाली आणि लाईट गेली. माईक बंद, पेटीवाला चाचपडतोय. बाई थांबल्या नाहीत. आणि मग सतरंजीवरच्या बायांनी धृपद उचललं. कोणी सांगितलं नव्हतं. लाईट परत आली तेव्हा आम्हांला, खरं सांगतो, वाईट वाटलं.

आता इथे आमची पंचाईत होते. हजारेक वर्षांपूर्वी अभिनवगुप्तांनी रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली. त्यातलं एक, प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुंतलेला असणं. नाटकात गाणंबजावणं असतं ते हे विघ्न घालवायला. कांटनेही १७९० च्या ग्रंथात सौंदर्याचा आनंद निरिच्छ असावा म्हटलं, म्हणजे त्यात आपला मतलब नको. आम्ही तीसेक वर्षं वर्गात हेच शिकवलं, आणि त्याच जोरावर भीमगीत, भजन वगैरे 'प्रचारगीत' या खान्यात टाकून दिलं. चुकलंच ते. त्या सतरंजीवर एकही बाई स्वतःचं दुःख घरी ठेवून आलेली नव्हती. गाणं तिला त्या दुःखातून बाहेर काढत नव्हतं, ते शेजारणीच्या दुःखाला नेऊन जोडत होतं. गायिका 'मी' म्हणते, झील धरणाऱ्या तेच शब्द पुन्हा म्हणतात, आणि त्या 'मी'चा 'आम्ही' होतो. अभिनवगुप्तांचं साधारणीकरण म्हणजे भाव एकट्याचा न राहणं. इथे ते रसिकाच्या मनात गुपचूप घडत नाही, गळ्यातून मोठ्याने घडतं.

पण एक गोष्ट राहिली. आम्हांला पुढच्या रांगेत खुर्ची दिलेली होती. ती ओळ आम्हांला पाठ होती, तरी आम्ही म्हटली नाही. लाज होती, की त्या 'आम्ही'त आपण बसत नाही याची जाणीव होती? दोन्ही असेल. हे भाषणभर 'आम्ही आम्ही' करणाऱ्याने सांगायला पाहिजे.

मधे एकदा नागपूरला गेलो, थंडगार सभागृहात. पूरिया धनाश्री, चोख. तक्रारीला जागा नाही. आम्हांला सगळ्यांत काय आवडलं, तर मागे तानपुऱ्यावर बसलेली शिष्या. गुरूंचा श्वास तुटला की तिचा स्वर अलगद पुढे यायचा, आणि ते परत आले की मागे जायचा. तीही झीलच. टाळ्या मात्र तिला पडल्या नाहीत.

आणि ग्रामजयंती. तुकडोजी महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९, अमरावती जिल्ह्यात यावलीला. १९३६ साली गांधीजींकडे सेवाग्रामला ते महिनाभर राहिले, म्हणून वर्धेवाल्यांना ते जास्तच आपले. त्यांनी खंजिरी गावच्या चावडीत आणली, आणि आता स्पर्धांनी ती बिघडवली, असं आमचं मत आहे. स्पर्धेत लय सुसाट, चाल सिनेमातली, आणि नजर सगळी परीक्षकाकडे. भजन कोणाला म्हणायचं हेच विसरलं जातं.

पण ३० तारखेला एका लहान गावात गेलो, तिथे स्पर्धा नव्हती. मंडळात पूर्वी नऊ जण, आता पाच. मुख्य गायक सत्तरीचे, अजून रोजमजुरीला जाणारे. आम्हांला पाहून म्हणाले, "सर, कायले आले एवढ्या गरमीत? आवाज नाही राहिला आता." आवाज खरंच नव्हता. खंजिरी होती. कोरड्या उन्हाळ्यात कातडं आपोआप ताणलेलं राहतं. पावसाळ्यात ते शेकावं लागतं. थाप पडली की टणत्कार थेट छातीत. त्यांची हातोटी अशी, की ओळ संपताना ठेका किंचित सैल करायचा, मागच्यांना आत यायला जागा ठेवायची. मागचे चारच. म्हणून त्यांनी आमच्याकडे पाहून मान हलवली. इथे खुर्च्या नव्हत्या, आम्ही सतरंजीवरच होतो.

आम्ही झील धरली, ती चुकीच्या मात्रेवर. त्यांनी आमच्याकडे पाहिलंही नाही. पुढच्या आवर्तनात ठेका एवढासा लांबवला आणि आमची चूक त्यात बसवून घेतली. हा या उन्हाळ्यातला आमचा सगळ्यांत आवडता क्षण. आमच्यावर उपकार झाला म्हणून नाही म्हणत. कला म्हणून म्हणतो. तानेत चूक न करणारे पुष्कळ पाहिले. दुसऱ्याची चूक लयीत घेणारा हात फार कमी पाहिला, आणि ध्वनिमुद्रणात तर तो सापडणंच शक्य नाही, कारण ध्वनिमुद्रण कोणासाठी थांबत नाही.

परतताना गाडीत कोणी बोललं नाही. मागच्या सीटवर दोघे तीच ओळ गुणगुणत होते, दोघांची पट्टी वेगळी. जाम फाट्यावर चहाला उतरलो तेव्हाही ते सुरूच होतं.