समूहनाम आणि नैतिक उत्तरदायित्व : सुंदरलाल अहवालाचे एक वाचन

हैदराबाद संस्थानातील १९४८ च्या हिंसाचाराची चर्चा मराठवाड्यात प्रायः दोन समूहनामांभोवती फिरते : ‘रझाकार’ आणि ‘फौज’. पहिल्याच्या वाट्याला सर्व दोष आणि दुसऱ्याच्या वाट्याला सर्व श्रेय, अशी विभागणी मुक्तिसंग्रामविषयक लेखनात रूढ झालेली दिसते. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीचा अहवाल ही विभागणी मोडतो. मात्र व्यक्तीच्या दोषाचा प्रश्न येताच तोही अडखळतो.

रझाकारांचे अत्याचार निर्विवाद आहेत. बिलोली तालुक्यातील अर्जापूर येथे १९४६ मध्ये झालेली गोविंदराव पानसरे यांची हत्या नांदेड परिसर विसरलेला नाही. रझाकार हा स्वेच्छेने संघटनेत आलेला स्वयंसेवक होता. ‘हुकूम होता’ हा बचाव त्याला वेतनी शिपायाइतकाही उपलब्ध नाही. तरीही पुढे सारा दोष लातूरचे वकील कासिम रझवी या एका नावात साठवला गेला. रझवी शिक्षा भोगून १९५७ मध्ये पाकिस्तानात गेले. खेडोपाडी प्रत्यक्ष शस्त्र चालवणारे हात त्या नावाआड अदृश्य झाले. उलट, ज्यांनी कधी शस्त्र धरले नव्हते असे अनेक जण पोलीस कारवाईनंतर केवळ त्या समूहनामाच्या संशयाने मारले गेले. अपराध्याला लपवणारे आणि निरपराध्याला गोवणारे नाम एकच होते.

अहवालानुसार मृतांची संख्या २७ ते ४० हजार असावी. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचली. तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेल्या लातूर शहरात वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली व हजारांवर माणसे मारली गेली, असे समिती नोंदवते. काही ठिकाणी सशस्त्र दलांतील लोकांनी प्रौढ पुरुषांना बाहेर काढून ठार केले, काही ठिकाणी जमावाला लुटीस प्रवृत्त केले, हेही ती सांगते. हे लिहिण्यास धैर्य लागले असणार. परंतु समितीची दृष्टी दलाच्या वर्तनावर स्थिरावते, शिपायाच्या निर्णयावर नाही.

येथे ख्रिस्तोफर ब्राउनिंग यांचे १९९२ मधील जर्मन राखीव पोलिसांवरील संशोधन उपयुक्त ठरते. १९४२ मध्ये पोलंडमधील युझेफुव्ह येथे मेजर ट्राप यांनी हत्याकांडापूर्वी माघारीची मुभा दिली. सुमारे ५०० पैकी जेमतेम डझनभर जण तत्क्षणी पुढे आले. हे लोक निवडक सैनिक नव्हते, बहुतांशी मध्यमवयीन सामान्य माणसे होती. सामान्यत्वाने दोष हलका होत नाही, हे यातून दिसते. मग प्रशिक्षित सैनिकाचे काय? शिस्त हीच ज्याची ओळख, त्याला जमावाच्या उन्मादाचे निमित्त सांगता येत नाही. त्याचे उत्तरदायित्व अधिकच ठरते.

अहवालातील एक नोंद मात्र अभ्यासकांनी पुरेशी वाचलेली नाही. हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर बांधवांना वाचवल्याचे समिती सांगते. नकार शक्य होता, याचा हा त्याच काळातला, त्याच मुलखातला पुरावा होय. आणि तो निःशस्त्र माणसांनी दिलेला आहे. या कसोटीवर बंदूकधाऱ्यांच्या साक्षी तपासणे आवश्यक होते. पण अहवाल सर्वसामान्य अभ्यासकांना उपलब्ध झाला तो २०१३ च्या सुमारास, आणि १९४८ मध्ये विशीत असलेला शिपाई तोवर पंच्याऐंशीचा झाला होता.